दरीतून वर काढणं फुकट, पुढचं नाही

प्रश्न (खानापूर): आम्ही पंधरा जण पावसाळ्यात जांबोटी, कणकुंबी, चोर्ल्याकडे भटकतो. गेल्या महिन्यात बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथवर काम करणाऱ्या मित्राचा घोटा मोडला. गावातल्या पोरांनी त्याला घोंगडीत घालून रस्त्यापर्यंत आणलं. आता प्रत्येकी 3,000 काढून 45,000 ची एफडी 'बचाव निधी' म्हणून ठेवावी, की विमा घ्यावा?

उत्तर: एफडी नको. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात निष्काळजीपणे अडकलेल्याकडून शोधकार्याचा खर्च वसूल करतात. आपल्याकडे पोलीस किंवा अग्निशमन दल सहसा बिल लावत नाही, 108 ची गाडीही फुकट. तुमच्या मित्राचंच बघा ना. ऑपरेशनचा खर्च मेडिक्लेममधून निघेलही, पण तीन महिने लेथसमोर उभं राहता आलं नाही, तर घरभाडं कोण देणार? खरं भगदाड तिथं आहे.

म्हणून प्रत्येकानं वैयक्तिक अपघात विमा घ्यावा, आणि तोही तात्पुरत्या अपंगत्वात आठवड्याला ठरावीक रक्कम देणारा. 20 रुपयांची प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना असू द्या, पण तिचे दोन लाख मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वासाठी आहेत. मोडून जुळलेल्या घोट्याला त्यातून छदाम मिळत नाही.

मेडिक्लेममध्ये साहसी खेळांचं कलम साधारणपणे व्यावसायिक खेळाडूंपुरतं असतं. अपघात विम्यात मात्र कंपनीगणिक शब्द बदलतात. काही ठिकाणी गिर्यारोहण सरसकट वगळलेलं असतं. 'दोर न लावता केलेला हौशी ट्रेक चालतो का?' हे एजंटला ईमेलवर विचारा. तोंडी 'होतंय की साहेब' क्लेमच्या वेळी कामाला येत नाही.

निधी हवाच असेल तर प्रत्येकी 500 पुरेत. 7,500 रुपये साध्या बचत खात्यात ठेवा, रात्री-अपरात्री काढता आले पाहिजेत. त्यातून खाजगी गाडी, इस्पितळातली अनामत आणि त्या पोरांची रोजंदारी द्यावी. त्यांचा शेतातला दिवस बुडतो, चहा-पोह्यांवर बोळवण करू नका. प्रत्येकाच्या तीन हजारांतल्या उरलेल्या अडीच हजारांतून ज्याचा त्यानं विम्याचा हप्ता भरावा.

वनखात्यानं धबधबा बंद केलेला असताना कुंपण ओलांडणाऱ्याला निधीतून काही मिळणार नाही, हे आत्ताच लिहून पंधराही जणांच्या सह्या घ्या. मित्र स्ट्रेचरवर असताना हा नियम सांगायला कुणाचीच जीभ रेटणार नाही.