उन्हाळाभर वन्यजीव प्रयोगशाळेत जाताय? आधी एवढं सांभाळा

शिक्षकहो, अभिनंदन! सुरुवातीला तुमच्या हाती बहुधा विष्ठेचे, केसांचे नमुने आणि कॅमेरा ट्रॅपचे (प्राणी समोर आला की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्याचे) ढीगभर फोटो येतील. कंटाळू नका, पुढचं सगळं संशोधन त्यावरच उभं राहतं.

- लेबल सगळ्यात महत्त्वाचं. तारीख, ठिकाण, नमुना क्रमांक पेन्सिलीनेच लिहा. नमुने टिकवायचं इथेनॉल (अल्कोहोल) सांडलं की पेनची शाई पसरते, आणि कुठला ते न कळणारा नमुना जवळपास वायाच जातो.
- दर नमुन्याला हातमोजे बदला, नाहीतर एकाचा डीएनए दुसऱ्यात मिसळतो.
- फोटोतला प्राणी ओळखू येत नसेल तर अंदाजाने नाव टाकू नका, 'अनिश्चित' लिहा.

शिक्षकांना उत्तरं द्यायची सवय, त्यामुळे विचारायला संकोच वाटतो. बिनधास्त विचारा! पीसीआर (डीएनएच्या असंख्य प्रती बनवण्याची पद्धत), संख्याशास्त्र सध्या राहू द्या. रोजची वही मात्र पहिल्या दिवसापासून लिहा, शाळा सुरू झाली की मुलांना दाखवता येईल.