क्षमा केली, म्हणून किल्ल्याही परत द्याव्यात काय?

प्रश्न : आमच्या ख्रिस्ती मंडळीचे खजिनदार हे माझे थोरले दीर. मंदिराच्या छपराच्या दुरुस्तीसाठी जमवलेल्या निधीतून त्यांनी मुलीच्या लग्नाकरिता पैसे उचलले, हे हिशेब तपासताना उघडकीस आले. उपासनेनंतर सर्वांसमोर उभे राहून त्यांनी क्षमा मागितली, काही रक्कम परत केली आणि पाळकसाहेबांनी विषय संपल्याचे जाहीर केले. आता येत्या वार्षिक सभेत त्यांनाच पुन्हा खजिनदार करावे, असा काहींचा आग्रह आहे. मी विरोध केला, तेव्हा ‘साताच्या सत्तर वेळा’ क्षमा करावी, हे बायबलमधील वचन मला ऐकवण्यात आले. तेव्हापासून मी प्रभुभोजन घेतलेले नाही आणि दीर-जाऊबाईंशी बोलणेही बंद आहे. माझे चुकते आहे काय?
— एक भगिनी, नागपूर

उत्तर : सभेतील आपला विरोध मला योग्य वाटतो, घरातील अबोला मात्र नाही.

आपल्याला ऐकवलेले वचन मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या १८व्या अध्यायातील २२वे आहे. सभेत वचन फेकून मारण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे आणि ती बहुधा आधीची ओळ झाकूनच पुरी केली जाते. त्याच अध्यायात, १५व्या वचनापासून, अपराध करणाऱ्या भावाकडे एकट्याने जावे, न ऐकल्यास एकदोघांना सोबत न्यावे आणि शेवटी मंडळीला कळवावे, असा क्रम सांगितला आहे. अपराधाला अपराध म्हणण्याची ही रीत क्षमेच्या शिकवणीला लागूनच आलेली असल्याने, क्षमा म्हणजे झाल्या गोष्टीवर पांघरूण घालणे, असा अर्थ त्या अध्यायातून काढता येत नाही. जक्कय या जकातदाराने तर कोणी न मागता लुबाडलेल्याच्या चौपट परत करण्याचे कबूल केले होते.

खजिनदारपदाचा प्रश्न याहून वेगळा आहे. यरुशलेममधील गरिबांसाठी जमवलेली वर्गणी नेण्याचे काम प्रेषित पौलाने आपला सहकारी तीत याच्या एकट्याकडे न सोपवता त्याच्यासोबत आणखी विश्वासू बंधू पाठवले आणि या रकमेच्या व्यवस्थेवरून कोणी दोष लावू नये, म्हणून आपण प्रभूसमोरच नव्हे तर माणसांसमोरही जे योग्य ते करतो, असे करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या ८व्या अध्यायात स्पष्ट केले. तेथे तर कोणी एक पैसाही उचललेला नव्हता. मग जेथे पैसे उचलले गेले आहेत आणि पूर्ण परतही आलेले नाहीत, तेथे त्याच हाती तिजोरी देणे हे त्या माणसाला पुन्हा त्याच परीक्षेत ढकलणे आहे. शिवाय आपली मंडळी नोंदणीकृत सार्वजनिक न्यास असेल, तर १९५० च्या कायद्याप्रमाणे तिच्या हिशेबांची दरवर्षी तपासणी व्हावी लागते. तो पैसा न्यासाचा असल्याने उरलेली बाकी टाळ्या वाजवून माफ करता येणार नाही. परतफेडीचे हप्ते लेखी ठरवावेत आणि धनादेशांवर दोघांच्या सह्या असाव्यात. दिरांना खरोखरच जमत नसेल, तर अनेसिम या दासाचे देणे माझ्या खाती मांड, असे त्याच्या धन्याला, फिलेमोनाला, लिहिणाऱ्या पौलाप्रमाणे मंडळीतील एखाद्याने थोडा भार उचलण्यासही हरकत नाही. तसे झाले तरी बाकी वहीतून पुसली जात नाही, ती दुसरा कोणी भरतो.

समेटाला वेळ लागतो, हे नागपूरकरांना तरी नव्याने सांगायला नको. २९ नोव्हेंबर १९७० रोजी याच शहरात सहा वेगवेगळ्या पंथांच्या मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली. त्यासाठीची बोलणी १९२९ मध्ये सुरू झाली होती, बाप्तिस्मा आणि पाळकीय सेवा यांसारख्या मतभेदांवर कलमवार मसुदे लिहावे लागले आणि अखेरच्या टप्प्यावर एक मोठी मंडळी बाजूलाही झाली.

आता आपल्याविषयी. वेदीपाशी अर्पण ठेवून आधी भावाशी समेट करण्यास सांगणारे वचन (मत्तय ५:२३-२४) नीट वाचल्यास, भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही असेल तर काय करावे, हे त्यात सांगितलेले दिसते. आपण केलेल्या विरोधामुळे दिरांच्या मनात आपल्याविषयी काही असणारच. त्या वचनात भावाकडे जाण्याची आज्ञा आहे, तशी परत येऊन अर्पण करण्याचीही आहे. वेदीपासून महिनोन्‌महिने दूर राहण्यास कोणी सांगितलेले नाही. करिंथमधील एका अपराध्याला झालेली शिक्षा पुरे असून तो अति दुःखात बुडू नये म्हणून त्याला धीर द्यावा, असेही पौलाने लिहिले आहे आणि लेकीच्या लग्नापायी चारचौघांत मान खाली घालावी लागलेल्या माणसाला अशा धीराची गरज असते. जाऊबाईंनी तर निधीतील पैशाला हातही लावलेला नाही, त्यांच्याशी बोलणे आजच सुरू करावे.

वार्षिक सभेपूर्वी दिरांना भेटा. पहिल्या भेटीत पाळकसाहेबांना किंवा यजमानांनाही सोबत नेऊ नका. आपण त्यांना क्षमा केली आहे हे आधी सांगा आणि सभेत त्यांच्या नावाला विरोध कायम राहील, हेही त्याच बैठकीत सांगा, म्हणजे ते त्यांना प्रथम सभेत ऐकावे लागणार नाही.