टेस्ट नेमकी दिली कुणी?

प्रश्न : मुलगी एमबीबीएसची इंटर्नशिप करते आहे. तिला सर्जरी हवी आहे, पण स्वभावाने अगदी अबोल. ती ड्यूटीवर असल्याने आम्हीच तिच्या वतीने ऑनलाइन व्यक्तिमत्त्व चाचणी भरली, त्यात 'अंतर्मुख' आलं. मग रेडिओलॉजीच बरी ना? लग्नानंतरही झेपेल. – एक आई

उत्तर : ताई, 'तिच्या वतीने आम्हीच भरली' हे वाक्य मी तीनदा वाचलं. म्हणजे चाचणीत आली ती तुमच्या मनातली मुलगी, पाहुणे आले की आतल्या खोलीत जाणारी. रात्री दोनला कॅज्युअल्टीत टाके घालणारी मुलगी तुम्ही पाहिलेलीच नाही. लग्नाचं तर शेवटी सहज लिहिल्यासारखं लिहिलंत, पण मला वाटतं पत्रामागचं खरं कारण तेच आहे.

आता रेडिओलॉजीबद्दल. अंधारी खोली, समोर फिल्म, माणसांची कटकट नाही, हे चित्र डोक्यातून काढा. आपल्याकडे रेडिओलॉजिस्टचा बराचसा दिवस सोनोग्राफीत जातो. एकामागून एक पेशंट, प्रत्येक गरोदर बाईचा एफ फॉर्म (सोनोग्राफीची कायद्याने ठेवायची नोंद), आणि दाराशी सासूबाई हळूच विचारणार, 'पेढे की बर्फी?' तिथे ठाम 'नाही' म्हणावं लागतं. गर्भाचं लिंग सांगायला बंदी करणारा 1994 चा कायदा आहे. शिवाय सुई घालून बायोप्सी घेतात ती माणसाच्याच अंगातून. अबोल मुलीला लपायला ही जागा नाही.

असल्या बऱ्याच चाचण्या ज्या एमबीटीआय या व्यक्तिमत्त्व चाचणीच्या धर्तीवर निघाल्या, ती तयार करणाऱ्या इसाबेल ब्रिग्ज मायर्स यांनी 1950 च्या दशकात अमेरिकेतल्या 5,000 हून अधिक मेडिकल विद्यार्थ्यांची चाचणी घेतली. पुढे कोण कुठल्या शाखेत गेलं, तेही पाहिलं. काही स्वभावांचा कल काही शाखांकडे दिसला, पण कल म्हणजे प्रवेशबंदी नव्हे.

सर्जरीला बडबड लागत नाही. चार तास उभं राहता येतं का, ऑपरेशन बिघडलं तर बाहेर येऊन नातेवाइकांना दोन वाक्यांत खरं सांगता येतं का, वरिष्ठांची बोलणी खाऊन पुन्हा पहाटे राउंडला जाता येतं का, हे बघायचं. ते तिच्या युनिटमधल्या रजिस्ट्रारला, म्हणजे तिच्या वरच्या डॉक्टरला, विचारा. खरं तर तुम्ही नको, तिलाच विचारू द्या. इलेक्टिव्हचे, म्हणजे इंटर्नशिपमध्ये आपल्या आवडीचा विभाग निवडायचे, आठवडे शिल्लक असतील तर ते सर्जरीतच घेऊ दे.

नीट-पीजी, रँक, काउन्सेलिंग, सर्जरीचं तीन वर्षांचं एमएस, हे तिला माझ्याहून जास्त ठाऊक असणार.

पुढचं पत्र तिने लिहावं. चाचणीचा रिपोर्ट जोडू नका.