जिवाणूंचे काँक्रीट घराला वापरावे का?

कोल्हापुरात घर बांधताना भेगा आपोआप बुजवणारे जिवाणूंचे काँक्रीट वापरावे का, असे आपण विचारले आहे. भेगा बुजतात, हे खरे आहे. नेदरलँड्समधील डेल्फ्टच्या विद्यापीठात हेंक योंकर्स यांनी बॅसिलस जातीच्या जिवाणूंचे बीजाणू आणि खाद्य म्हणून कॅल्शियम लॅक्टेट काँक्रीटमध्ये मिसळले. भेगेतून पाणी व हवा आत शिरली की बीजाणू जागे होतात, ते खाद्य पचवतात आणि चुनखडीचा थर धरून भेग भरते. सुमारे ०.८ मिलिमीटरपर्यंतच्या भेगा अशा बुजल्या आहेत. पण हलगर्जीपणाने घातलेला स्लॅब कोणताही जिवाणू सावरणार नाही.

मी शिरोलीच्या फौंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, साच्यांच्या वाळूच्या प्लँटवर २२ वर्षे काढली. २०१४ मध्ये शुक्रवार पेठेतील आमच्या घरावर मजला चढवला, तेव्हा माल सहज पसरावा म्हणून कंत्राटदाराच्या माणसांनी मिक्सरमध्ये बादलीमागून बादली पाणी ओतले. मी हटकले, तर दादांनी मलाच गप्प बसवले. स्लॅब ओला राहावा म्हणून त्यावर केलेल्या वाफ्यांतले पाणी चौथ्या दिवशी आटले ते पुन्हा कोणी भरले नाही. पहिल्याच पावसाळ्यात गच्चीवर तिरकी भेग पडली. तिच्यात नखाचे टोक जात असे. जिन्याजवळच्या केसाएवढ्या भेगेवर मात्र पांढरा, टणक पापुद्रा धरला आणि तेथील गळती थांबली. तीही चुनखडीच होती, जिवाणूंशिवाय धरलेली; काँक्रीटमधला चुना पाण्यात विरघळून हवेतील कार्बन डायऑक्साइडशी मिळाला की असे घडते, पण ते अगदी बारीक भेगांपुरतेच.

त्याच वर्षी अंगणाचे ब्लॉक मी स्वतः पाडले. ओतकामातून बाद झालेली काळी वाळू चाळली, बेंटोनाइट (वाळू बांधणारी चिकणमाती) आणि कोळशाची भुकटी निघून पाणी नितळ येईपर्यंत धुतली, क्रश सँडच्या, म्हणजे दगड फोडून केलेल्या वाळूच्या, पाचव्या हिश्शाऐवजी घातली आणि ब्लॉक २१ दिवस ओल्या पोत्यांखाली ठेवले. ‘भट्टीचा कचरा दारात नको’ म्हणून दादा दोन दिवस माझ्याशी बोलले नव्हते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पंचगंगेचे पाणी त्या अंगणात उभे राहिले. ओसरल्यावर मी गाळ खरवडला, तेव्हा एकही ब्लॉक फुटलेला नव्हता.

म्हणून माझे स्पष्ट मत असे, की पर्यावरणाची काळजी असेल तर आधी दाराशी पडलेला माल वापरावा. जगाच्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सुमारे ८ टक्के आहे आणि त्यातला निम्म्याहून अधिक चुनखडी भाजतानाच सुटतो, त्यामुळे सिमेंट जितके कमी तितके बरे. साखर कारखान्यांतील बगॅसची (उसाच्या चिपाडाची) राख नीट जळालेली आणि बारीक दळलेली असेल, तर ती काही प्रमाणात सिमेंटची जागा घेते. पाडकामातील काँक्रीट फोडून केलेल्या खडीलाही आयएस ३८३ या भारतीय मानकाने २०१६ पासून मुभा दिली आहे. एम २५ या मजबुतीच्या प्रतीपर्यंतच्या सळईच्या काँक्रीटमध्ये ती २० टक्क्यांपर्यंत चालते.

मात्र माझा अनुभव अंगणाच्या ब्लॉकांचा आहे. कॉलम आणि स्लॅबसाठी क्यूब टेस्ट (काँक्रीटचे ठोकळे दाबून मजबुती तपासणे) व स्ट्रक्चरल इंजिनिअरची संमती घेतल्याशिवाय यांतले काहीही वापरू नये, आणि रेझिनने (रासायनिक चिकटाने) बांधलेली फौंड्रीची वाळू तर तपासणीविना घराजवळही आणू नये.