साठ लाखांच्या ऑफरमधले खरे सहा लाख

प्रश्न: वय ४१. डीआरडीओच्या बेंगळुरूतल्या प्रयोगशाळेत १६ वर्षं रडारच्या अँटेनावर काम करतोय. मूळ वेतन आणि महागाई भत्ता महिना २ लाख, सगळं धरून वर्षाला २८ लाख. पुण्याच्या एका स्टार्टअपने गाड्यांमधल्या ७७ गिगाहर्ट्‌झ रडारसाठी ६० लाख देऊ केलेत, पैकी १८ लाख ईसॉप (कंपनीचे शेअर ठरलेल्या भावात घेण्याचा हक्क). गृहकर्ज ४५ लाख बाकी. जाऊ का?

उत्तर: आधी ते १८ लाख खोडा. कंपनी बाजारात येईपर्यंत किंवा कुणी ती विकत घेईपर्यंत ईसॉप म्हणजे बाजारात तुरी. वर शेअर नावावर घेताना बाजारभाव आणि तुम्ही मोजलेली रक्कम यांतला फरक पगार म्हणून करपात्र. हातात दमडी नाही, कर मात्र रोख! काही ठरावीक स्टार्टअपना हा कर पुढे ढकलता येतो. ही कंपनी त्यांत बसते का, विचारून घ्या.

राहिले ४२ लाख. नव्या करप्रणालीत त्यांतून साडेआठेक लाख कर गेला की साडेतेहेतीस उरतात. आजच्या २८ चे करानंतर २४ होतात, आणि सरकार १४ टक्क्यांनी वर्षाला ३.३६ लाख एनपीएसमध्ये (राष्ट्रीय पेन्शन योजनेत) घालतं, ते पगारपत्रकाकडे बघताना बहुतेकजण विसरतात. म्हणजे फरक फार तर ६ लाखांचा. आई-वडील सीजीएचएसवर, म्हणजे केंद्राच्या आरोग्ययोजनेवर, असतील तर त्यांचा विमा यातूनच काढायचा.

आता मोठा खड्डा. राजीनामा दिला की केंद्राच्या नियमांनुसार मागची सेवा गळते, ग्रॅच्युइटीही जाते. १६ वर्षांची ग्रॅच्युइटी आठ महिन्यांच्या वेतन-भत्त्याइतकी, म्हणजे १६ लाख, तीही करमुक्त. तो खड्डा भरायलाच पावणेतीन वर्षं जातील. २० वर्षं झाल्यावर स्वेच्छानिवृत्ती घेतली तर ग्रॅच्युइटी मिळते.

म्हणून मी कंपनीला साफ सांगेन: ईसॉप कमी करा, २६ लाख जॉइनिंग बोनस द्या. ३० टक्के कर, वर्षाचं उत्पन्न ५० लाखांवर गेल्याने लागणारा १० टक्के अधिभार आणि उपकर गेल्यावर त्याचे १६ लाख होतात. नाही म्हणाले तर चार वर्षं थांबा. सॉफ्टवेअरवाल्याला हे सांगताना मी कचरलो असतो, पण तुमचा धंदा मॅक्सवेलच्या १८६० च्या दशकातल्या विद्युतचुंबकीय समीकरणांवर चालतो. पंचेचाळिशीतला अँटेनावाला शिळा होत नाही.

एनपीएस खातं तुमच्याबरोबर येईल. त्याऐवजी यूपीएस (हमीच्या पेन्शनची एकीकृत योजना) निवडली असेल तर मात्र राजीनाम्याने हमीचं निवृत्तिवेतन जातं. नेमकं काय निवडलंय, ते आधी कळवा.