मिठाच्या पाण्यात चमचे घातले की पाणी हिरवं का होतं?

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मुलगी नववीत आहे. विज्ञान प्रदर्शनासाठी तिला पाण्यापासून हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे करून दाखवायचे आहेत. मिठाच्या पाण्यात स्टीलचे दोन चमचे उभे केले, चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी जोडली. बुडबुडे आले, पण अर्ध्या तासात पाणी हिरवट-तपकिरी झालं आणि उग्र वास सुटला. चुकलं कुठे?

मी परळच्या एका मराठी शाळेत २२ वर्षं प्रयोगशाळा सहाय्यक आहे. हा हिरवा गाळ मला दरवर्षी प्रदर्शनाच्या आधी भेटतो.

आधी त्या पाण्याचं बघा. बेसिनमध्ये ओतू नका, मुलीला त्यात बोटं घालू देऊ नका. बाटलीत भरा, झाकण लावा आणि शाळेच्या प्रयोगशाळेत नेऊन द्या. तो वास क्लोरीनचा. मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड, त्यामुळे धनाग्रापाशी, म्हणजे प्लसला जोडलेल्या चमच्यापाशी, ऑक्सिजनऐवजी बराचसा क्लोरीनच बाहेर पडतो. गाळ आला चमच्यातून. प्लसला जोडलेलं स्टील विरघळायला लागतं, त्यातलं लोखंड, निकेल, क्रोमियम पाण्यात उतरतं आणि क्रोमियमचं विषारी रूपही तयार होऊ शकतं. म्हणून मीठ नको आणि स्टील तर नकोच. तांब्याची तारही नको, तीही प्लसला खाल्ली जाते.

मुलीला वाईट वाटलं असेल तर हे सांगा. १८०० साली लंडनमध्ये निकोल्सन आणि कार्लाइल यांनी नुकत्याच निघालेल्या व्होल्टाच्या बॅटरीने पाण्याचं अपघटन केलं, तेव्हा त्यांनी आधी पितळेच्या तारा वापरल्या होत्या. एका तारेवर हायड्रोजन आला, दुसरी काळवंडून गंजत गेली. प्लॅटिनमच्या तारा लावल्यावर कुठे दोन्हीकडे वायू निघाला. आपल्याला प्लॅटिनम कोण देणार? आपण पेन्सिल वापरायची.

मिठाच्या जागी धुण्याचा सोडा घ्या, वाण्याकडे सुटा मिळतो. पाव लिटर पाण्याला दोन चहाचे चमचे पुरतात. खाण्याच्या सोड्यानेही बुडबुडे येतात, पण धनाग्रापाशी थोडा कार्बन डायऑक्साइडही त्यात मिसळतो. काहीच न घालता नुसतं नळाचं पाणी वापरून बघायचं असेल तर जरूर बघा. मुंबईला भातसा-तानसाचं तलावाचं पाणी येतं, ते मऊ, क्षार कमी. एखाद-दुसरा बुडबुडा चिकटून बसेल, तेवढंच. वीज वाहून न्यायला पाण्यात आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण लागतात, ते सोडा पुरवतो. फुटतं मात्र पाणीच.

आता मांडणी. श्रीखंडाचा प्लास्टिकचा डबा घ्या. बुडाला गरम सुईने भोकं पाडून ती पेन्सिल जाईल एवढी मोठी करा, दोन भोकांत चार बोटांचं अंतर ठेवा. पेन्सिलीचे बोटभर लांबीचे दोन तुकडे दोन्हीकडून टोकदार करा, म्हणजे वर आणि खाली शिसं उघडं राहील. शिसं म्हणायचं आपलं, असतं ते ग्राफाइट आणि चिकणमाती. चित्रकलेच्या सिक्स-बी पेन्सिलीत ग्राफाइट जास्त, म्हणून ती बरी. तुकडे भोकांत बसवून कडेने एम-सील लावा आणि रात्रभर वाळू द्या. सगळ्यांची घाई इथे होते आणि सकाळी टेबलावर तळं साचतं. डबा दोन ठोकळ्यांवर ठेवला की खालून तारा जोडता येतात.

चौकोनी बॅटरी लवकर मान टाकते. लॅमिंग्टन रोडला सहा पेन्सिल सेलचा होल्डर मिळतो, तेही ९ व्होल्टच, पण टिकतात जास्त. घरातल्या प्लगमधून थेट वीज कधीही घ्यायची नाही, कोणीही कितीही हुशार असलं तरी. शक्य असेल तर मल्टिमीटरही घ्या. १०० मिलिअँपिअर प्रवाह १० मिनिटं वाहिला तर हिशेबाने साडेसात मिलिलिटरच्या आसपास हायड्रोजन मिळतो आणि त्याच्या निम्मा ऑक्सिजन. हा आकडा आणि प्रत्यक्ष मोजलेला आकडा शेजारी लिहिलेला तक्ता परीक्षकांना थर्माकोलच्या सजावटीपेक्षा जास्त आवडतो.

आता गंमत अशी, की निम्मा ऑक्सिजन तुम्हाला मिळणार नाही. कमीच येईल. आमच्या शाळेत एका वर्षी मुलांनी आणि मी मिळून एक लबाडी केली होती. परीक्षानळ्यांवर मार्करने दोनास एक अशा खुणा आधीच करून ठेवल्या आणि वायू तिथवर आला असं दाखवलं. परीक्षक बाई शांतपणे म्हणाल्या, "नळ्या रिकाम्या करा आणि माझ्यासमोर परत लावा." पंधरा मिनिटांनी एकीत वायू १२ मिलिलिटर, दुसरीत चारच्याही खाली. माझे कान तापले. बाईंनी एवढंच विचारलं, "मग उरलेला कुठे गेला?" मुलं माझ्याकडे बघायला लागली.

उत्तर साधं होतं. ऑक्सिजन पाण्यात हायड्रोजनपेक्षा जास्त विरघळतो. शिवाय ग्राफाइटच्या धनाग्राशी त्यातला काही कार्बनशी जुळून कार्बन डायऑक्साइड होतो, आणि तो सोड्याच्या पाण्यात जिरून जातो. म्हणूनच प्लसच्या पेन्सिलीचं टोक झिजतं आणि पाण्यात काळी पूड पडते. ती दिसली तर घाबरू नका, उलट बोट दाखवून सांगा. नळ्या लावण्याआधी दहा मिनिटं नुसता प्रवाह चालू ठेवला तर पाणी वायूने थोडं भरून घेतं आणि आकडे जरा सुधारतात. तरी पूर्ण दोनास एक येणार नाही, आणि मुलीने तसं लिहावं.

नळ्या त्याच सोड्याच्या पाण्याने काठोकाठ भरून, तोंडावर अंगठा दाबून उलट्या करून पेन्सिलींवर बसवायच्या. ज्या नळीत वायू भराभर साठतो ती मायनसची, हायड्रोजनची. ती उचलताना तोंड खालीच ठेवा, हा वायू हलका, सरळ धरलीत तर वर उडून जातो. पेटती काडी नेली की "पॉक" असा आवाज येतो. ऑक्सिजनच्या नळीत विझत आलेली अगरबत्ती घाला, निखारा लख्ख होईल. वायू कमी असला तर ज्योत धरणार नाही, पण फरक दिसतो.

दोन्ही वायू एका बाटलीत गोळा करून "मोठा आवाज काढू" असं वर्गातलं कोणी तरी सुचवेलच. ते अजिबात करू देऊ नका, काच फुटते. परीक्षानळीएवढाच वायू, डोळ्यांवर चष्मा, खिडकी उघडी.

आज एम-सील लावलंत तर उद्या संध्याकाळी पहिली नळी भरेल. तेव्हा पहिले आकडे काय आले ते इथे कळवा.