वाचकांचे प्रश्न : विमानापूर्वीचा लाउंज

आई-वडील सांगलीहून मुंबईमार्गे परदेशी निघालेत. विमान पहाटे २.३० चे. बँकेच्या कार्डावर विमानतळावरच्या लाउंजची, म्हणजे खाण्यापिण्याची व्यवस्था असलेल्या विश्रांतिकक्षाची, सोय आहे, म्हणून रात्रीचे जेवण तिथेच करतील. घरून किती वाजता निघावे? – विश्रामबाग, सांगली

आधी तारीख बघा. तिकिटावर १५ तारीख आणि २.३० अशी वेळ असेल, तर घर १४ तारखेलाच सोडायचे आहे.

आता विमानापासून मागे मोजत या. गेट साधारण २.०५ ला बंद होते. विमानात बसवायला तासभर आधी सुरुवात होते आणि टर्मिनल २ मध्ये लाउंजपासून गेटपर्यंत वयस्कर माणसाला १५ मिनिटेही चालावे लागू शकते. म्हणजे लाउंजमधून १.१५ ला उठायला हवे. सामान घेणारे काउंटर बहुतेक कंपन्या तीन तास आधी, म्हणजे ११.३० ला उघडतात. त्यानंतर इमिग्रेशन (पासपोर्ट-व्हिसाची तपासणी) आणि सुरक्षा तपासणी. मध्यरात्री परदेशी विमानांची गर्दी असते, तेव्हा या सगळ्याला तास-सव्वा तास धराच. लाउंजमध्ये पाय ठेवेपर्यंत पाऊण वाजतो. हातात उरतो अर्धा तास, तोही लाउंज भरलेला नसेल तर.

म्हणून रात्रीचे जेवण लाउंजवर ठेवू नका, विशेषतः मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन असेल तर अजिबात नाही. आठच्या सुमारास वाटेत थांबून घरचा डबा खाऊ द्या. लाउंजमध्ये चहा, दहीभात, स्वच्छ स्वच्छतागृह आणि मोबाइल चार्जिंग एवढीच अपेक्षा ठेवा.

सांगली ते मुंबई विमानतळ साधारण ३८० किलोमीटर, थांबे धरून आठ तास. खंडाळा घाटात एखादा ट्रेलर बंद पडला की तास-दीड तास जातोच, त्यामुळे वर दोन तास राखा. दुपारी एकला गाडी निघावी. साताऱ्याहून निघणाऱ्यांना तीन वाजता निघाले तरी चालेल.

‘लवकर पोहोचलो तर लाउंजमध्ये बसू’ हा बेत मात्र जमत नाही. लाउंज इमिग्रेशन आणि सुरक्षा तपासणीच्या पलीकडे आहे, बोर्डिंग पास हातात आल्याशिवाय तिथवर जाता येत नाही. पोहोचवायला आलेल्या मंडळींना तर तिकिटाशिवाय टर्मिनलच्या दारातूनच परतावे लागते.

कार्डावर लाउंज मोफत आहे असे बँकेत सांगितले. दारात अडवतील का? – कराड

अडवू शकतात. देशांतर्गत लाउंज आणि आंतरराष्ट्रीय लाउंज या दोन वेगळ्या सवलती आहेत आणि बऱ्याच साध्या कार्डांवर फक्त पहिली असते. बँकेला ‘लाउंज आहे का’ असे विचारू नका. ‘मुंबई, टर्मिनल २, आंतरराष्ट्रीय प्रस्थान इथला लाउंज माझ्या कार्डाच्या यादीत आहे का’ असे विचारा. मागच्या तिमाहीत ठरावीक रकमेची खरेदी केलेली असावी, अशी अट अनेक बँकांनी घातली आहे. तीही आजच तपासा, कारण निघायच्या आठवड्यात ती पूर्ण करून उपयोग नसतो.

एका कार्डावर सहसा एकच माणूस आत जातो. सोबतच्या व्यक्तीचे पैसे लागतात, ते नंतर बिलात दिसतात आणि मग धक्का बसतो. पत्नीच्या नावाचे वेगळे कार्ड असेल तर तेच वापरा. कार्डावरचे आणि बोर्डिंग पासवरचे नाव जुळायला हवे. खात्रीसाठी कार्ड यंत्रात घालून किरकोळ रक्कम, बहुधा २ रुपये, कापतात. म्हणून प्रत्यक्ष कार्ड जवळ हवे आणि पिन पाठ हवा. मोबाइलमधला फोटो चालत नाही.

वाटेत परदेशातल्या विमानतळावर थांबून तिथला लाउंज वापरणार असाल, तर आणखी एक काम. नवीन कार्डावर परदेशी व्यवहार बंदच असतात, रिझर्व्ह बँकेचा २०२० पासूनचा नियम आहे. बँकेच्या ॲपमधून ते घरूनच सुरू करा.

आईसाठी व्हीलचेअर सांगितली आहे. ती एकटी लाउंजमध्ये बसू शकेल? – वाई

बसू शकेल, पण आमचा सल्ला, बसवू नका. व्हीलचेअर विमान कंपनीकडे किमान ४८ तास आधी नोंदवली असेल तर मदतनीस काउंटरपासून गेटपर्यंत नेतो. मात्र त्याच्याकडे दुसरेही प्रवासी असतात. लाउंजमध्ये सोडून तो गेला आणि वेळेत परतला नाही, तर आईने कोणाला हाक मारायची? बऱ्याच लाउंजमध्ये विमानांच्या घोषणा होत नाहीत, गेट बदलल्याचे फक्त पडद्यावर दिसते. एकट्या ज्येष्ठाला थेट गेटजवळ बसवणे सुरक्षित. सोबत कोणी असेल तरच लाउंज, आणि मोबाइलवर गजर लावून.

हातातल्या बॅगेत कंदी पेढे, भडंग आणि लोणचे चालेल? – सातारा

पेढे आणि भडंग सुरक्षा तपासणीत चालतात. लोणचे, तूप, बासुंदी १०० मिलिलिटरपेक्षा मोठ्या बरणीत असेल तर काढून घेतात. पक्के बांधून मोठ्या बॅगेत द्या. सुके खोबरे तेलकट आणि ज्वलनशील, ते मोठ्या बॅगेतही चालत नाही, घरीच ठेवा. पॉवर बँकेचे लोणच्याच्या उलट : ती फक्त हातातल्या बॅगेत, १०० वॅट-तासांपर्यंत. नेहमीची २०,००० मिलिअँपिअर-तासांची पॉवर बँक सुमारे ७४ वॅट-तास भरते, तिला अडचण नाही. पण तिच्यावर छापलेले आकडे पुसलेले असतील तर जवान ती ठेवून घेऊ शकतो.